घोडा कुणाचा?

१२ ऑक्टोबर २०२४, अकोला

दसरा. सकाळी स्कूटरला झेंडूचा हार घातला आणि जुन्या कॅल्क्युलेटरला हळदकुंकू लावलं. सगळी नोकरी हजेरीपट आणि पगारपत्रकं तपासण्यात गेली, त्यामुळे आमची शस्त्रं तीच. संध्याकाळी सोनं वाटून आल्यावर सभासदाची बखर काढली. शिवाजी महाराजांचं लष्कर पावसाळाभर छावणीत असे आणि दसऱ्याला मुलुखगिरीसाठी बाहेर पडे, तेवढं पान वाचायचं होतं. पण नजर सवयीने पगाराच्या आकड्यांवर गेली आणि तिथेच थांबली.

कृष्णाजी अनंत सभासदाने ही बखर जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. अफझलखान, आग्रा हे सगळं तिच्यात आहेच. पागेची रचना मात्र तो कसलेल्या कारकुनासारखी मांडतो. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पाच हवाले मिळून जुमला. जुमलेदाराला ५०० होन आणि पालखी. दहा जुमल्यांवर हजारी, त्याला १,००० होन. पाच हजाऱ्यांवर पंचहजारी, त्याला २,०००. सगळ्यांच्या वर सरनोबत. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. पोवाड्यात या दोघांना कुणी विचारत नाही, पण पत्रकात त्यांची जागा पक्की आहे.

शिडी स्पष्ट दिसते. पहिल्या पायरीवर पाय कसा पडतो, हा खरा प्रश्न. विलायतेत मध्ययुगात नाइट व्हायला सरदारघराणं लागे, लहानपणापासूनची चाकरी लागे, शपथ लागे. आपल्याकडे गावातल्या पोराला स्वार व्हायचे दोन रस्ते होते आणि दोन्ही घोड्यावरून ठरत. सरकारी पागेतला घोडा मिळाला तर तो बारगीर. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन आला तर शिलेदार. आज कुणालाही विचारा, शिलेदारच मोठा वाटेल. सभासद उलट सांगतो: जोर पागेचा, शिलेदार पागेच्या तंत्राने चालायचे, म्हणजे कुणाला बंड करायला बळ उरत नाही. ज्याचा घोडा त्याचा माणूस, हे राजाने ओळखलं होतं.

१५ ऑक्टोबर

जुन्या शहरात लग्नाच्या वरातीला घोडी देणाऱ्याकडे जाऊन बसलो. तुळशीचं लग्न होईस्तोवर त्याला काम नाही. घोडी दावणीला, खरारा चाललेला. आमचा विषय काढला तर तो हसला.

"घोडं घेनं काई मोठी गोष्ट नाई, भाऊ. पोसनं मोठी गोष्ट हाय. लगनं चार मयने अन् पोट बारा मयने."

लष्कराचंही हेच दुखणं होतं. आठ महिने परमुलखात, तिथे दाणावैरण तिथलीच. उरलेले चार महिने छावणीत, आणि तिथला खर्च घरचा. सभासद लिहितो की लष्कर परत येण्याआधीच छावणीत दाणा, औषधं आणि गवताने शाकारलेली घरं तयार असत. याच विषयावर महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना गेलेलं पत्र प्रसिद्ध आहे. आत्ताच दाणा-गवत उधळलंत तर ऐन पावसाळ्यात घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, कुणाचं धान्य, कुणाचा भाजीपाला उचलाल, आणि त्यांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. रात्री दिवे जळत ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इतकं बारीक सांगितलंय. तलवारीचं नाव नाही. सगळं पत्र वैरणीवर.

मी नोकरीत असतो तर असं परिपत्रक फ्रेम करून लावलं असतं.

२० ऑक्टोबर

विल्यम मार्शलचं चरित्र वाचतोय. बाराव्या शतकातला इंग्लंडचा नामांकित नाइट, पुढे राजा लहान असताना त्याने राज्यही सांभाळलं. पण घरात धाकटा, वाट्याला जमीन नाही. पोरवयात नॉर्मंडीत नात्यातल्या एका मोठ्या सरदाराकडे पाठवलेला. तिथे घोडे राखणं, चिलखत घासणं, ताटाशी उभं राहणं. अशी काही वर्षं काढल्यावर ११६६-६७ च्या सुमारास, विशीत, त्याच्या कमरेला तलवार बांधली गेली. त्या काळी विधी एवढाच होता. रात्रभर देवळात जागर, स्नान, पांढरा अंगरखा हा थाट नंतर वाढत गेला.

मला भावला तो पुढचा भाग. नाइट झाल्यावर पहिल्याच मोठ्या चकमकीत त्याचा घोडा मेला. धनी दुसरा देईना. तेव्हा गड्याने नाइट होताना मिळालेला उंची झगा २२ शिलिंगांना विकला आणि सामान वाहणारं हलकं तट्टू घेतलं. पदवी शाबूत, पण चालायचं तट्टावर. पुढे एका स्पर्धेच्या मैदानात त्याने दुसऱ्यांना पाडून त्यांचे घोडे जिंकले तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

दख्खनेत शिलेदाराचा घोडा मेला की तो बारगिराच्या रांगेत येई, ही गोष्ट इथे चपखल बसते. फरक एवढाच की विकायला झगा नसायचा. असायचं ते शेत.

३ नोव्हेंबर, अमरावती

भाऊबीज. ताईकडे जेवण, आणि जेवणानंतर भाच्याच्या लग्नाची चर्चा. मुलीकडच्यांनी पहिला प्रश्न पॅकेजचा विचारला म्हणून ताई नाराज. मी म्हटलं, "ताई, सिंदखेडराजाची गोष्ट आठव की."

आपल्या वऱ्हाडातलीच ती. लखुजी जाधवराव निजामशाहीतले बडे सरदार. त्यांच्या वाड्यात रंगपंचमी. मालोजी भोसले तेव्हा त्यांच्या पदरी साधे नोकर. मालोजीचा शहाजी आणि लखुजीरावांची जिजा एकमेकांवर रंग उडवत होती, ते पाहून लखुजी हसत म्हणाले की जोडा शोभतो. मालोजीने तो शब्द पंचांच्या साक्षीने धरून ठेवला. जाधवांच्या घरात मात्र संताप: आपल्या चाकरीतल्या माणसाच्या घरी मुलगी द्यायची? पुढे बखरकार देवीच्या कृपेने सापडलेलं द्रव्य आणतात. त्या द्रव्यातून घोडे, घोड्यांवरून निजामशहाकडची पंचहजारी, आणि मग लग्न.

देवीचं धन खरं की नाही, यावर मी डोकं शिणवत नाही. बखरीतला क्रम मला पटतो. आधी पैसा, पैशातून घोडे, घोड्यांतून हुद्दा, हुद्द्यातून सोयरीक. सरंजाम दाखवल्याशिवाय कुणी सरदार म्हणत नव्हतं.

"म्हणजे तेव्हापासूनच पॅकेज," ताई म्हणाली आणि अनारसे पुढे केले.

संध्याकाळी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावरून चक्कर. १९१४ ची ही संस्था, वैद्य बंधूंनी उभी केलेली. १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिचा चमू तिथे आपले खेळ दाखवून आला. पोरं मल्लखांबावर होती. स्वाराच्या अंगमेहनतीची आज वऱ्हाडात दिसणारी खूण ही. मांडीची पकड, कमरेचा तोल. घोडा तेवढा नाही.

आणि या गावात घोड्यावाचूनचा नाइटही होऊन गेला. सर मोरोपंत जोशी, इथले वकील, मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारात गृहखातं सांभाळलेले. संमतिवयाच्या प्रश्नावर १९२८ मध्ये नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष. शारदा कायद्यामागे त्या समितीची खटपट आहे. इंग्रज सरकारची ही 'सर'की कुणाच्या कडब्यावर पोसावी लागली नाही, ही तिची जमेची बाजू.

१० नोव्हेंबर, बाळापूर

मन नदीच्या काठी मिर्झाराजे जयसिंगाची म्हणून ओळखली जाणारी दगडी छत्री आहे, तिच्या सावलीत बराच वेळ बसलो. समोर बाळापूरचा किल्ला, मन आणि म्हैस नद्यांच्या मधोमध.

जयसिंग स्वतः दहाव्या वर्षी आमेरच्या गादीवर बसलेला. म्हणून असेल, १६६५ च्या जूनमध्ये पुरंदरच्या तहात आठ वर्षांच्या पोराला पाच हजारांची मनसब देताना त्याला वावगं वाटलं नाही. शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले सोडले, पण स्वतः मनसबदार व्हायला नकार दिला. तेव्हा मनसब शंभूराजांच्या नावे लिहिली गेली. घोड्यावर मांड पक्की होण्याआधीच पंचहजारी.

मोगली पद्धत ही सगळी लेखी. मनसबीचे दोन आकडे: 'जात' हा माणसाचा दर्जा आणि पगार, 'सवार' म्हणजे त्याने किती घोडेस्वार ठेवायचे. नुसतं म्हणून चालत नसे. अकबराच्या वेळेपासून प्रत्येक घोड्याच्या अंगावर लोखंडाचा तापलेला दाग, आणि प्रत्येक स्वाराचा 'चेहरा' कागदावर: बापाचं नाव, जात, वर्ण, तीळ, व्रण. हजेरीच्या दिवशी भाड्याची तट्टं आणून उभी करणारे सरदार होते म्हणून हे सगळं. (कागदावरची माणसं आम्हीही पकडली आहेत. पद्धत बदलत नाही.) शहाजहानच्या काळात तर नियमच झाला की ज्या सुभ्यात जहागीर त्याच सुभ्यात नेमणूक असेल, तर लिहिलेल्या सवारांपैकी एक तृतीयांश आणले तरी पुरे. जहागिरीचा कागदावरचा वसूल आणि हातात पडणारा वसूल यांत एवढी तफावत होती की पगार बारा महिन्यांऐवजी आठ, सहा अशा महिन्यांच्या हिशेबाने मोजायची वेळ आली. दख्खनच्या जहागिऱ्या त्यात सगळ्यांत बदनाम.

आग्र्याला मे १६६६ मध्ये महाराजांना भर दरबारात पंचहजाऱ्यांच्या रांगेत उभं केलं. ते कडाडले त्यात हाच मुद्दा होता: माझा लहान मुलगा पंचहजारी, माझा नोकर नेताजी पंचहजारी, आणि मी इथे? सुटकेनंतर पुन्हा तह झाला, आणि शंभूराजांच्या त्या मनसबीसाठी जहागीर नेमली गेली ती आपल्या वऱ्हाडात. प्रतापराव गुजर आणि निराजी रावजी फौज घेऊन औरंगाबादला शहाजाद्यापाशी. फौजेचा एक भाग वऱ्हाडात, वसुलीला. म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या सरदाराचे स्वार या मातीतल्या ज्वारीवर पोसले जात होते.

आणि मग माझ्या आवडीचं कलम. आग्र्याच्या प्रवासासाठी बादशहाने महाराजांना एक लाख रुपये आगाऊ दिले होते. औरंगजेबाने ते वऱ्हाडच्या जहागिरीतून कापून घ्यायचा हुकूम काढला. प्रवास अग्रिमाची वसुली! माणूस पेटाऱ्यातून निसटला, पण त्याच्या नावावरची बाकी खात्यात उभीच. हा हिशेब तह मोडण्याचं एक निमित्त ठरला. १६७० मध्ये मराठे वऱ्हाडात परत आले ते कारंज्याची पेठ लुटायला.

शंभूराजांच्या मनसबीची ही गोष्ट शाळेत शिकवताना नेहमी पुरंदर आणि आग्र्यातच संपते. बाळापूर, कारंजा त्यात यावेत असं वऱ्हाडातल्या मास्तरांनाही वाटू नये, याचा राग येतो.

२० नोव्हेंबर

मतदान. रांगेत सोयाबीनचा भाव सोडून दुसरं बोलणं नव्हतं.

२९ नोव्हेंबर, अडगाव

तेल्हारा तालुक्यातलं गाव. १८०३ मध्ये याच तारखेला इथे इंग्रज सेनापती वेलस्लीने भोसले आणि शिंद्यांच्या फौजांना गाठलं. इंग्रजी पुस्तकांत या लढाईचं नाव 'आरगाव'. बाजूने कपाशीची शेतं, वेचणी चाललेली.

लढाई दुपार उलटल्यावर सुरू झाली. रघूजी भोसल्यांचे भाऊ व्यंकोजी इथे होते. तोफा सुरू झाल्या तशी वेलस्लीची काही पलटणं घाबरून मागे वळली, ती त्याने स्वतः पुढे होऊन सावरली. भोसल्यांच्या बाजूने परदेशी भाडोत्री पायदळाची एक तुकडी हातघाईवर आली आणि कापली गेली. घोडदळाने मात्र फार तग धरला नाही. चांदण्यात त्यांचा पाठलाग झाला.

शाळेत आम्हाला याचं कारण 'फितुरी आणि शिस्तीचा अभाव' असं शिकवलं. मी शिलेदाराचं खातं मांडून पाहतो. घोडा त्याचा. मेला तर भरपाईची खात्री नाही. पगार तुंबलेला असायचाच. घोड्यासोबत नोकरी जाते, घोड्यासाठी काढलेलं कर्ज राहतं. समोर तोफा. अशा माणसाने छातीठोक उडी घ्यावी ही अपेक्षा धन्याची, आणि त्या उडीची किंमत शिलेदाराने भरायची. या लढाईच्या सव्वाशे-दीडशे वर्षं आधी शिवाजी महाराजांनी सरकारी पागेवर भर का दिला, ते अडगावच्या शेतात उभं राहिलं की कळतं. भोसल्यांच्या फौजेत भित्रे फार होते, हे मला पटत नाही.

एक म्हातारबुवा बांधावरून विचारत होते, "काऊन भाऊ, प्लॉट पाऊन रायले का?"

८ डिसेंबर, नरनाळा

शहानूरपासून वर. जंगल खात्याची नोंद, वाहन, वाटाड्या. महाकाली दरवाजापुढे आलं की बोलणं बंद होतं. एवढं नाजूक दगडकाम या डोंगरात कुणी, कशासाठी केलं?

करवणारा फतहुल्ला इमाद-उल-मुल्क. दरवाजावरच्या लेखातला काळ १४८७ चा. विजयनगरच्या मुलखातला कानडी ब्राह्मणाचा पोरगा, लढाईत पकडला गेलेला. धर्म बदलला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या, खान-ए-जहानच्या पदरी वाढला. मार्शलसारखाच लहानपणी परक्या घरात. पण मार्शलला घरच्यांनी पाठवलं होतं, याला पकडून आणलं होतं. याच्या बाबतीत घोडा कुणाचा हा प्रश्नच नव्हता, कारण माणूसही धन्याचाच. आणि दख्खनेत वर चढायचा तो एक हमरस्ता होता. बहमनी दरबारात गुलाम लष्करात घेत, शिकवत, जोखत, आणि हुशार निघाला तर सुभा देत. त्याला इथे भाऊबंद नाहीत, वतन नाही, म्हणून तो धन्याला एकनिष्ठ राहील हा हिशेब. फतहुल्लाला १४७१ च्या सुमारास वऱ्हाड मिळाला. बहमनी राज्य ढासळताच १४९० मध्ये तो स्वतंत्र झाला आणि अचलपुरात इमादशाही सुरू झाली. एकनिष्ठेचा हिशेब एका पिढीतच चुकला.

१५ डिसेंबर, चिखलदरा

गाविलगडावर दिवस गेला. किल्ला मुळात अहमदशाह बहमनीने १४२५ च्या सुमारास बांधलेला, फतहुल्लाने दुरुस्त केलेला. दिल्ली दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलाय. हे विजयनगरचं चिन्ह. पोरवयात तुटलेलं घर त्याने इथे दगडात आणलं, असं बरेच जण मानतात. मलाही तसंच मानावंसं वाटतं.

अडगावानंतर सोळाव्या दिवशी, १५ डिसेंबर १८०३ ला, हा किल्ला पडला. वेलस्लीचा सहकारी स्टीव्हन्सन, त्याच्या माणसांनी डोंगरातून वाट फोडत उत्तरेच्या अंगाला तोफा आणल्या. बाहेरचा तट फुटला तरी आतला उभाच होता. कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावून तो चढला आणि दार उघडलं. किल्लेदार बेनीसिंग राजपूत दरवाज्यापाशी लढत मेला. दोन दिवसांनी देवगावला तह. भोसल्यांचा वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला.

या मोहिमेतून एक माणूस खरोखरीचा नाइट झाला, तो वेलस्ली. १८०४ मध्ये त्याला 'ऑर्डर ऑफ द बाथ' मिळाली. जुन्या काळी नाइट होण्याआधी उमेदवाराला स्नान घालत, त्याची आठवण ठेवून पहिल्या जॉर्जने १७२५ मध्ये ही पदवी काढली होती. वेलस्ली तेव्हा हिंदुस्थानात, बातमी कागदावरून आली. ना जागर, ना स्नान. बेनीसिंगाला किल्ल्यावरच पुरलं की जाळलं, एवढं सांगणारी पाटीही मला दिसली नाही.

१६ डिसेंबर, परतवाडा

जुन्या छावणीच्या भागात पायी फिरलो. इथे हैदराबाद कंटिंजंट असे: निजामाच्या खर्चाने, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज. खर्च थकला, आणि २१ मे १८५३ च्या तहाने त्या फौजेच्या पगारासाठी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. सोबत दिलेले रायचूर दुआब आणि धाराशिवकडचे मुलूख १८६० मध्ये त्याला परत मिळाले. वऱ्हाड मात्र राहिला, आणि लगेच अमेरिकेतल्या यादवीने कापसाला भाव चढले. स्वारांच्या पगारासाठी घेतलेल्या मुलखात पगार भागवून शिल्लक पडू लागली. त्या शिल्लकेचा हिशेब हा पुढे निजामाच्या तक्रारीचा कायमचा विषय. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाखांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना गेला, आणि पुढच्याच वर्षी ती फौज हिंदुस्थानी लष्करात विरघळली. जिच्यासाठी तारण घेतलं ती संपली, तारण गेलं नाही. माझ्या हाताखालच्या कुणी असं पत्रक आणलं असतं तर मी सही केली नसती.

या कंटिंजंटचं घोडदळ शिलेदारी पद्धतीचं. भरती होणाऱ्याने घोडा आणि सामान स्वतःचं आणायचं, किंवा त्यासाठी रक्कम भरून जागा घ्यायची. ज्याच्यापाशी पैसा नाही तो दुसऱ्याच्या घोड्यावर बसायचा, आणि इंग्रजी पत्रकातही त्याचं नाव बारगीर असंच. मालक एक, स्वार दुसरा, घोडा तिसऱ्याच्या वैरणीवर. पहिल्या महायुद्धात घोडे एवढे मेले की घरच्या घोड्यांवर पलटणी चालवणं परवडेना. १९२१ च्या सुमारास ही पद्धत बंद झाली, सगळे घोडे सरकारी झाले आणि उरलेला प्रत्येक स्वार बारगीर.